नाशिकला गगनचुंबी टॉवर हवा का? शहराच्या खुणांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

२०२७ चा सिंहस्थ तोंडावर आलाय आणि त्याच्यासोबत 'नाशिकची ओळख ठरेल असं काहीतरी भव्य झालं पाहिजे' ही मागणीही आली आहे. कुणाला पन्नास मजली टॉवर हवा, कुणाला गोदाकाठी उंच पुतळा, कुणाला काचेचा पूल. सोसायटीच्या मीटिंगमध्ये, चहाच्या टपरीवर, नातेवाइकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर फिरून फिरून तेच प्रश्न निघतात, म्हणून ते इथे एकत्र केले. उत्तरं तटस्थ नाहीत, हे आधीच सांगून ठेवतो.

शहराला ठळक खूण लागते का मुळात?

लागते. केव्हिन लिंच या अमेरिकन नगररचनाकाराने १९६० मध्ये मांडलं होतं की माणसाच्या डोक्यात शहराचं चित्र पाच गोष्टींनी तयार होतं: वाटा, कडा, वस्त्या, चौक आणि खुणा. खुणा नसल्या की माणूस आपल्याच शहरात हरवतो.

फक्त खूण उंच असली पाहिजे असं त्यात कुठे नाही. नाशिकच्या कुठल्याही रिक्षात बसा आणि पत्ता सांगून बघा. सीबीएस, शालिमार, अशोक स्तंभ, द्वारका, निमाणी, रविवार कारंजा, एबीबी सर्कल, पपया नर्सरी. यातलं काय उंच आहे? मायको कंपनीचं नाव २००८ मध्ये बॉश झालं, पण सर्कल आजही मायकोच. कारखान्यात शिफ्टला जाणाऱ्या हजारो माणसांनी ते नाव वापरून वापरून पक्कं केलं. ते कुठल्या समितीने ठरवलं नव्हतं.

ठीक आहे, पण सर्कल आणि नर्सरी पाहुण्याला दाखवणार का? बघण्यासारखी खूण कुठली?

दुतोंड्या मारुती.

हसू नका. रामकुंडाजवळ, ऐन नदीपात्रात उभा असलेला हा मारुती म्हणजे नाशिकची पूरमापनाची पट्टी आहे. गंगापूर धरणातून विसर्ग सुरू झाला की पाटबंधारे खातं क्युसेकमध्ये आकडा देतं. तो आकडा ऐकून कुणाच्या डोळ्यांसमोर काही उभं राहत नाही. 'पाणी मारुतीच्या कमरेला लागलं' म्हटलं की सराफ बाजारातला दुकानदार सामान वर चढवायला घेतो. छातीपर्यंत आलं की नदीकाठचे लोक गाशा गुंडाळतात. १९ सप्टेंबर २००८ चा महापूर ज्यांनी पाहिला ते आजही मारुतीच्याच मापात तो सांगतात.

त्याच काठावर नारोशंकराचं मंदिर आहे, १७४७ सालचं. त्याच्या दर्शनी भागात टांगलेली घंटा पोर्तुगीज आहे. चिमाजी अप्पांनी १७३९ मध्ये वसई जिंकली, त्या विजयाची ती आठवण. पण नाशिककरांनी तिला दुसरंही काम दिलं. पाणी नारोशंकराच्या घंटेला लागलं म्हणजे पुराची कमाल झाली. युद्धात मिळवलेली वस्तू शहराने अशी धोक्याची खूण करून टाकली.

माझा सगळा मुद्दा इथेच आहे. शहर जिचा रोज वापर करतं, जिच्यावरून काहीतरी मोजतं, ठरवतं, भेटायची वेळ पक्की करतं, ती खूण. उंची असली तर असू द्यावी, ती या व्याख्येत कुठेच येत नाही.

म्हणजे उंच इमारतींना तुमचा विरोध आहे?

नाही. राष्ट्रीय इमारत संहितेप्रमाणे १५ मीटर किंवा त्याहून उंच इमारत 'उत्तुंग' धरली जाते. त्या हिशोबाने गंगापूर रोड, पाथर्डी फाटा, इंदिरानगर भागात उत्तुंग इमारतींची काही कमतरता नाही. राज्याची एकात्मिक विकास नियंत्रण नियमावली डिसेंबर २०२० मध्ये आली, तेव्हापासून जास्त मजले चढवणं सोपं झालं. लोकांना घरं लागतात, बिल्डरला धंदा करायचा असतो, दोन्ही रास्त आहे.

आक्षेप जाहिरातीला आहे. खासगी फ्लॅटची स्कीम 'शहराचा मानबिंदू' म्हणून विकली जाते आणि मग त्या मानबिंदूपर्यंत रस्ता, पाणी, ड्रेनेज नेण्याची जबाबदारी हळूच महापालिकेच्या गळ्यात पडते.

उंच बांधलं की जमीन वाचते ना?

कागदावर वाचते. एफएसआय, म्हणजे प्लॉटच्या किती पट बांधकाम करता येतं तो आकडा, दोन असेल तर अर्ध्या प्लॉटवर चार मजले बांधा किंवा दहाव्या भागावर वीस मजले बांधा, बांधकामाचं क्षेत्र तेवढंच. वीस मजल्यांत मोकळी जागा जास्त सुटते हे खरं. त्या जागेचं पुढे काय होतं ते कुठल्याही नव्या स्कीममध्ये जाऊन बघा. पार्किंगचे दोन-तीन मजले, गाड्यांचा रॅम्प, ट्रान्सफॉर्मर, आणि उरलेल्या पट्टीत शोभेची चार झाडं. वर लिफ्ट, जिने, पाण्याच्या टाक्या, आगीच्या वेळी थांबायचा मजला यांत जागा आणि पैसा दोन्ही जातो, त्यामुळे घरं स्वस्तही होत नाहीत.

आणि नाशिकला जमिनीची एवढी टंचाई आहे का? २०११ च्या जनगणनेत महापालिका हद्दीत सुमारे १४ लाख ८६ हजार लोक होते, हद्द साधारण २६० चौरस किलोमीटर. म्हणजे चौरस किलोमीटरला पावणेसहा हजारांच्या आसपास. पॅरिस शहरात हा आकडा वीस हजारांच्या घरात आहे आणि तिथला बहुतेक भाग सहा-सात मजल्यांच्या वर गेलेला नाही. पॅरिसने १९७३ मध्ये २१० मीटरचा मोंपार्नास टॉवर बांधला, त्यावर लोक इतके वैतागले की १९७७ मध्ये ३७ मीटरची मर्यादा आली. मध्यंतरी ती सैल केली आणि २०२३ मध्ये परत लावली.

नाशिकमध्ये कुठेही कितीही उंच बांधता येतं का?

नाही. ओझरचा विमानतळ आणि लष्करी हवाई क्षेत्र यांच्या परिसरात उंचीसाठी वेगळा ना-हरकत दाखला लागतो. पांडवलेण्यांसारख्या केंद्र-संरक्षित स्मारकाभोवती १०० मीटरपर्यंत नव्या बांधकामाला मनाई आणि त्यापुढे २०० मीटर नियंत्रित क्षेत्र आहे. गोदावरीकाठी निळी आणि लाल पूररेषा, म्हणजे पुराचं पाणी कुठवर येतं त्याच्या आखलेल्या हद्दी, आहेत, पैकी निळीच्या आत बांधकाम करायचंच नाही. भूकंपाच्या २०१६ च्या नकाशात नाशिक क्षेत्र तीनमध्ये आहे, त्यामुळे डिझाइन त्याप्रमाणे करावं लागतं. बाकी रस्त्याची रुंदी आणि अग्निशमन दलाची परवानगी हे नेहमीचंच.

दुबई बघा! बुर्ज खलिफाने शहर जगाच्या नकाशावर आणलं की नाही?

दुबई नकाशावर आली ती बंदर, विमानतळ आणि करसवलतींनी. बुर्ज २०१० मध्ये उघडला, तोवर व्यापार तिथे येऊन बसलेला होता. शिवाय ८२८ मीटरपैकी वरचे २४४ मीटर राहण्याजोगे नाहीतच, असं उंच इमारतींची नोंद ठेवणाऱ्या जागतिक संस्थेने २०१३ मध्ये दाखवून दिलं. म्हणजे नुसता वरचा सुळकाच अनेक शहरांतल्या सगळ्यात उंच इमारतीपेक्षा मोठा, आणि आत कुणी नाही.

मग आयफेल टॉवर? त्याचा तर काहीच उपयोग नव्हता.

हा प्रश्न चांगला आहे, आणि माझ्या विरोधात जाणारा आहे. १८८९ च्या प्रदर्शनासाठी हा ३०० मीटरचा मनोरा उभा राहिला. काम सुरू असतानाच, १८८७ मध्ये, पॅरिसमधल्या नामवंत कलावंतांनी निषेधाचं पत्र काढलं. परवानगी वीस वर्षांची होती आणि १९०९ मध्ये तो उतरवता आला असता. वाचला तो रेडिओमुळे. एवढ्या उंचीवरचा अँटेना लष्कराला हवा होता. लोकांचं प्रेम तोवर बसलं होतंच, पण पाडायचा की ठेवायचा या प्रश्नात उपयोगाचं पारडं जड ठरलं.

तरीही मान्य करतो: निव्वळ हौस म्हणून बांधलेली गोष्ट कधीकधी शहराच्या काळजात घर करते. मात्र असं होईलच हे टेंडर काढताना कुणालाच माहीत नसतं.

स्पेनमधल्या बिल्बाओचं काय? एका संग्रहालयाने शहर पालटलं म्हणतात.

म्हणतात खरं. फ्रँक गेरी यांचं गुगेनहाइम संग्रहालय १९९७ मध्ये उघडलं आणि पर्यटक लोटले. गोष्ट सांगणारे दोन तपशील वगळतात. त्याच्या दोन वर्षं आधी, १९९५ मध्ये, बिल्बाओत मेट्रो सुरू झाली होती. आणि कारखान्यांच्या सांडपाण्याने मेलेली नदी स्वच्छ करण्याचं काम त्याच्याही आधीपासून सुरू होतं. चकचकीत इमारत शेवटी आली. आपल्याकडे सुरुवात चकचकीत इमारतीपासून करायची असते आणि नदीचं नंतर बघू म्हणतात.

२०२१ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात नाशिकच्या टायरवरच्या मेट्रोसाठी २,०९२ कोटी जाहीर झाले होते. त्या मेट्रोत बसून कुणी कामावर जायला लागलं की टॉवरबद्दल पुन्हा बोलू.

एखादा भव्य पुतळा?

गुजरातमधला केवडियाचा सरदार पटेलांचा पुतळा १८२ मीटरचा आहे, कंत्राट २,९८९ कोटींचं होतं. उंचीच्या शर्यतीत उतरायचं तर तिथून पुढे सुरुवात करावी लागेल, आणि पुढच्या वर्षी दुसरं कुणीतरी आपल्यापेक्षा पाच मीटर जास्त करेल.

कुंभमेळ्याचा निधी येतोय. त्यातून कायमस्वरूपी काही नको का?

हवं ना. पण मागच्या अनुभवांकडे बघून. गेल्या काही दशकांत सोयीच्या नावाखाली नदीपात्रात काँक्रीट ओतलं गेलं, जुनी कुंडं त्याखाली गेली, जिवंत झरे बुजले. ते काँक्रीट काढा म्हणून नाशिककरांनी उच्च न्यायालयापर्यंत धाव घेतली. आधी पैसे देऊन ओतायचं, मग पैसे देऊन फोडायचं. २०२५ च्या अखेरीस तपोवनात साधुग्रामासाठी (साधूंच्या मुक्कामाच्या वसाहतीसाठी) झाडं तोडायचा विषय निघाला तेव्हा लोक रस्त्यावर आले. आंदोलकांचं म्हणणं साधं होतं: ज्या जागेला तपोवन म्हणून माणसं येतात, तिथलं वन काढून काय दाखवणार?

माझ्या मते कुंभाच्या पैशातून करायची कायमची गोष्ट एकच: गोदावरीत नाल्याचं पाणी जाणार नाही अशी व्यवस्था. तिचं उद्घाटन करायला फीत बांधायला जागा नाही, कारण ती जमिनीखाली असते. अडचण तीच आहे.

देखभालीचा खर्च एवढा मोठा मुद्दा आहे का? बांधलं की बांधलं.

सिडनीचं ऑपेरा हाऊस ७० लाख डॉलरमध्ये होणार होतं, लागले १० कोटी २० लाख ऑस्ट्रेलियन डॉलर, आणि १९६३ ऐवजी ते १९७३ मध्ये उघडलं. हा फक्त बांधायचा खर्च. सांभाळायचा खर्च त्यानंतर कायमचा सुरू होतो, आणि आपण नेमके तिथे चुकतो. पांडवलेण्यांच्या पायथ्याशी त्र्यंबकच्या दादासाहेब फाळक्यांचं स्मारक महापालिकेने हौसेने उभारलं. सुरुवातीला गर्दी झाली, मग कारंजी थांबली, रया गेली, आणि आता वर्षानुवर्षं नूतनीकरणाच्या बातम्या येत असतात. कल्पना वाईट नव्हती. दर वर्षी लागणारा पैसा कुठून येईल हे आधी कुणी लिहून ठेवलं नव्हतं.

गंमत म्हणजे तिथूनच पायऱ्या चढून वर गेलं तर हे लिहून ठेवलेलं सापडतं! दहाव्या लेण्यात क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याचा शिलालेख आहे, सुमारे एकोणीसशे वर्षांपूर्वीचा. त्याने लेणं तर कोरून दिलंच, शिवाय तीन हजार कार्षापण (त्या काळची नाणी) गोवर्धनच्या विणकरांच्या श्रेणींकडे, म्हणजे संघांकडे, ठेव म्हणून ठेवले. दोन हजार एका श्रेणीकडे, दरमहा शेकडा एक व्याजाने. एक हजार दुसरीकडे, दरमहा शेकडा पाऊण व्याजाने. मुद्दलाला हात लावायचा नाही, फक्त व्याज वापरायचं. दोन हजारांवर वर्षाचं व्याज होतं दोनशे चाळीस, आणि लेण्यात वर्षावास (पावसाळ्यातला मुक्काम) करणाऱ्या वीस भिक्षूंना चीवरासाठी, म्हणजे वस्त्रांसाठी, प्रत्येकी बारा. हिशोब पैशाला पैसा जुळतो. करून बघा.

त्याच लेण्यातल्या दुसऱ्या लेखात त्याची इतरही कामं नोंदवली आहेत. दमण, तापी, डहाणू अशा नद्यांवर फुकट नावांची सोय, प्रवाशांसाठी धर्मशाळा, विहिरी, पाणपोया. आपल्या औदार्याचा डंका पिटायला त्याने डोंगर निवडला हे खरंच, राजेलोकांना तेवढी हौस असायचीच. पण डंका पिटला तो नावेचा आणि पाणपोईचा. आजच्या कुठल्याही 'आयकॉनिक' प्रकल्पाच्या फाइलीत ठेव, व्याजदर आणि लाभार्थ्यांची संख्या एवढी स्पष्ट लिहिलेली दाखवा, मी त्या प्रकल्पाच्या बाजूने सही करतो.

'सार्वजनिक' खूण म्हणजे नेमकं काय? मॉलही सगळ्यांना खुला असतोच की.

सुरक्षारक्षक ज्याला हटकत नाही त्याला खुला असतो. टॉवरच्या गच्चीवरून शहर दिसेल, पण गच्चीवर जायला फ्लॅट घ्यावा लागेल.

या प्रश्नाचा सगळ्यात कठोर धडा नाशिकनेच दिला आहे. काळाराम मंदिर अठराव्या शतकाच्या अखेरीस सरदार ओढेकरांनी काळ्या दगडात बांधलं. वास्तू म्हणून देखणं, शहराची खूण म्हणून निर्विवाद. पण २ मार्च १९३० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली हजारो अस्पृश्य स्त्री-पुरुष त्याच्या दारापर्यंत आले तेव्हा दारं बंद होती. सत्याग्रह पुढे काही वर्षं चालला, तरी दारं उघडली नाहीत. आज कुणी काळारामासमोर उभं राहून फक्त कोरीवकामाबद्दल बोलत असेल तर तो अर्धं मंदिर दाखवतोय. कुठल्याही नव्या भव्य वास्तूला मी पहिला प्रश्न हाच विचारेन: दारातून आत कोण जाणार, आणि तिकीट किती?

तुम्ही जुन्यातच अडकलाय. तरुणांना आधुनिक नाशिक नको का?

हवंच. मुंबईच्या राजाबाई टॉवरकडे बघा. १८७८ मध्ये पुरा झाला, उंची २८० फूट, प्रेमचंद रायचंद यांच्या देणगीतून. त्या काळचा गगनचुंबीच. पण त्याच्या पायाशी विद्यापीठाचं ग्रंथालय होतं आणि माथ्यावर सगळ्यांना दिसेल असं घड्याळ. उंचीला काम होतं.

नाशिकचं सार्वजनिक वाचनालय १८४० चं, म्हणजे राजाबाई टॉवरपेक्षा जुनं. स्पर्धा परीक्षेची तयारी करणारी मुलं शहरात टेबल-खुर्ची भाड्याने घेऊन अभ्यास करतात. या मुलांसाठी रात्री उशिरापर्यंत उघडं, उजेडाचं, पाण्याची आणि स्वच्छतागृहाची सोय असलेलं पाच मजली वाचनालय सीबीएसच्या जवळ बांधा. मोठ्यातला मोठा वास्तुविशारद आणा, माझी काही हरकत नाही. दहा वर्षांत रिक्षावाले 'लायब्ररी चौक' म्हणायला लागतील.

असं एखादं ठिकाण सांगा जे खूण आहे, पण आपल्याला दिसत नाही.

काझीची गढी. गोदाकाठचा तो मातीचा टेकाडवजा भाग, ज्याची बातमी फक्त पावसाळ्यात येते: गढीचा भाग ढासळला, रहिवाशांना नोटिसा. याच मातीच्या गढीवर १९५०-५१ मध्ये डेक्कन कॉलेजच्या डॉ. ह. धी. सांकलिया आणि डॉ. शां. भा. देव यांनी उत्खनन केलं. त्यातून या शहराची वस्ती सातवाहनांच्याही मागे जाते हे कळलं. थरावर थर, घरांवर घरं. खऱ्या अर्थाने नाशिकची पहिली बहुमजली इमारत तीच, फक्त ती चढायला दोन हजारांहून अधिक वर्षं लागली.

वर राहणाऱ्या कुटुंबांचा प्रश्न खरा आहे आणि तो आधी सुटला पाहिजे. संरक्षक भिंत की पुनर्वसन, हा वाद दर जूनमध्ये निघतो आणि ऑक्टोबरात विरतो. इतक्या जुन्या जागेला साधा माहितीफलकही नसताना नव्या खुणेसाठी सल्लागार नेमायचे, याला काय म्हणावं?

एखादा टॉवर किंवा प्रकल्प पटत नसेल तर सामान्य माणसाने काय करायचं?

नुसतं फेसबुकवर लिहून उपयोग नाही. विकास आराखड्यातलं प्लॉटचं आरक्षण बदलायचं असो किंवा नियमात फेरफार, महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम १९६६ च्या कलम ३७ खाली जाहीर सूचना द्यावी लागते आणि हरकतींसाठी एक महिना मिळतो. ही सूचना राजपत्रात आणि वर्तमानपत्रात येते, बहुधा आतल्या पानावर, बारीक टायपात. ती शोधायची सवय लावा.

हरकत साध्या मराठीत लिहा. सर्व्हे नंबर, प्लॉटचं आरक्षण, जवळच्या रस्त्याची रुंदी, पूररेषा यांचा उल्लेख करा. 'शहराचं सौंदर्य बिघडतंय' यापेक्षा 'नऊ मीटरच्या रस्त्यावर एवढ्या गाड्या कशा मावतील' हा मुद्दा सुनावणीत टिकतो. दोन प्रती न्या, एकीवर आवक शिक्का आणि तारीख घ्या. सोसायटीच्या लेटरहेडवर एक आणि रहिवाशांच्या स्वतंत्र सह्यांच्या वेगळ्या, अशा दोन्ही द्या. सुनावणीची तारीख कळवली जाते, त्या दिवशी कुणीतरी प्रत्यक्ष गेलं पाहिजे, आणि जाताना शिक्क्याची प्रत सोबत हवी.